ढोराच्या दवाखान्यातली नोकरी : भाचीला काय सांगू?

अडाणकाठ

मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला पशुधन पर्यवेक्षक आहे. नोकरीला १४ वर्षं झाली. माझी भाची यंदा बारावी झाली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला, "मावशी, तुझ्यासारखी ढोराच्या दवाखान्यातली नोकरी मी करू का?" दोन दिवसांनी सांगते म्हटलं, त्याला आता आठ दिवस झाले. हो म्हणायला जाते आणि एखादी रात्र आठवते. नाही म्हणायला जाते तर दुसरी एखादी रात्र आठवते. इथे जनावरं पाळणारे आणि दवाखान्यात राबलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगते. माणसांच्या दवाखान्यात डॉक्टर असतात तशा सिस्टर असतात. आपल्याकडे ढोरांच्या दवाखान्यात सिस्टर नावाचं पद नाही. ते काम तिघांत वाटलेलं आहे : पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक (गाव त्याला ड्रेसर म्हणतं) आणि परिचर. श्रेणी-१ च्या दवाखान्यात पदवीवाले डॉक्टर असतात. श्रेणी-२ मध्ये बहुतेक पदविकावालेच गाडा ओढतात. १९८४ च्या कायद्यानं आम्हाला किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गावाला मात्र हा फरक माहीत नसतो. रात्री बाराला ज्याचा फोन लागला तो डॉक्टर.

आता एक रात्र सांगते. गेल्या वर्षीचा श्रावण. साडेअकराला फोन आला, "मॅडम, गाईचं अंग भायेर आलं, लवकर या." गाय संध्याकाळी व्याली होती, कालवड झाली होती, आणि जार (वार) पडायच्या ऐवजी अख्खी गर्भाची पिशवी बाहेर आली होती. डॉक्टर तालुक्याहून निघाले. मी सहा किलोमीटरवर होते, आधी पोचले.

डॉक्टर येईपर्यंतचा तो तास सगळा आमच्या हातात असतो. गाईला उठू द्यायचं नाही, पिशवी चिखलात घासू द्यायची नाही, कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही. मी घरच्या बाईला धुतलेलं लुगडं मागितलं. तिनं पेटीतून काढून दिलं, क्षणभरही विचार केला नाही. कोमट पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकलं, पाणी फिकट गुलाबी होईल एवढंच. मोबाईलच्या उजेडात पिशवीवरची माती धुतली, कुटाराच्या काड्या एकेक करून वेचल्या. पिशवीवर बटणांसारखे लाल गड्डे असतात, त्यांना जार चिकटलेला असतो. ओढला की रक्त येतं. जो सुटला तेवढाच सोडवला. सूज एवढी होती की ती आत जाईल असं वाटेचना. मी विचारलं, "साखर आहे का हो घरात?" साखर सुजेतलं पाणी ओढून घेते. बाईनं डबा आणला आणि माझ्या हातावर उपडा केला.

डॉक्टर आले, त्यांनी शेपटीच्या मुळाशी भुलीची सुई दिली म्हणजे गाय कळा देणं थांबवते. मग मी आणि घरमालकानं लुगड्याची झोळी करून पिशवी वर उचलून धरली आणि डॉक्टर मुठीनं थोडी थोडी आत सारत गेले. पाऊण तास. माझ्या खांद्यात गोळा आला, बोटं बधिर झाली. सोडता येत नाही, सोडलं की केलेलं सगळं परत बाहेर. शेवटचा भाग आत गेला तेव्हा गाईनं केवढा तरी श्वास सोडला. नंतर कॅल्शियमची बाटली शिरेतून लावली. ती घाईनं सोडली तर गाईचं हृदय बंद पडू शकतं. म्हणून एका हातात बाटली आणि दुसरा हात तिच्या छातीवर, ठोके मोजत मी अर्धा तास तिथेच उभी होते.

सकाळी सातला परत गेले. गाय उभी होती, कालवड ढुसण्या देत पीत होती. ती बाई म्हणाली, "माय, चहा गुळाचा हाय, साखर रातीच सरली." तो चहा मी अजून विसरले नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या दवाखान्यात कोपरापर्यंतचे हातमोजे वर्षातले काही महिनेच पुरतात. उरलेले महिने आम्ही स्वतःच्या पैशानं आणतो, नाहीतर उघड्या हातानं जार काढतो. ज्या गाईचं गाभ पडलंय तिचा जार उघड्या हातानं काढणं म्हणजे ब्रुसेलाला, ढोरांकडून माणसालाही होणाऱ्या आजाराला, घरी बोलावणं. ब्रुसेलाची लस आपण ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच देतो. ती लस जिवंत जंतूंची आहे. कालवड उसळली आणि सुई आपल्या बोटात गेली तर तोच आजार आपल्याला. माझ्या एका सहकाऱ्याला महिनोन्‌महिने ताप चढायचा, उतरायचा. सांधे धरायचे. मलेरिया म्हणून, टायफॉईड म्हणून उपचार झाले. शेवटी त्यानंच डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, मी ढोरात काम करतो, ब्रुसेला पाहा." तेव्हा सापडलं.

आणि बाई म्हणून वेगळं. पहिली पाच वर्षं मी कोठ्यात (गोठ्यात) शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं, "माणूस नाई का वो कोनी दवाखान्यात?"

सगळ्यात जड जातं ते मात्र हे नाही. पेरणीच्या तोंडावर एका शेतकऱ्याचा बैल घटसर्पानं गेला. घशाला सूज, जीभ बाहेर, सकाळी आजारी आणि रात्री गेला. पावसाळ्याआधीची लस त्या वस्तीवर आम्ही पोचवली नव्हती. दुसऱ्या बैलाच्या जोडीला बैल घ्यायला त्याच्याकडे पैसे नव्हते. तो मला काही बोलला नाही. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून मे महिन्यात ४५ डिग्रीत बर्फाची पेटी घेऊन फिरताना मला ऊन लागत नाही असं नाही, पण त्या वस्तीवर मी सगळ्यात आधी जाते.

भाचीला काय सांगू?

निवृत्त_ड्रेसर

ताई, तुमचं लिखाण वाचून झोप उडाली. मी व्रणोपचारक म्हणून ३१ वर्षं काढली, वाशीम आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांत. भाचीला हो सांगा, पण एक गोष्ट तिच्याकडून वदवून घ्या : कोणत्याही जनावराच्या तोंडात उघडा हात घालायचा नाही.

२००९ चा उन्हाळा. एक गाय आणली. लाळेच्या तारा लोंबत होत्या, पाणी गिळता येईना, हंबरणं घोगरं. मालक म्हणे, "आंब्याची कोय अडकली घशात, काढून द्या." आंब्याचे दिवस, खरंही वाटलं. डॉक्टर कॅम्पवर. मी तोंडाला आडकाठी लावली आणि हात घातला. कोय नव्हती. दाढांवर माझ्या मनगटाला दोन ओरखडे पडले. दुपारपर्यंत गाईचे मागचे पाय लटपटायला लागले, दाव्याला धडका द्यायला लागली. तेव्हा मालकाच्या पोरानं सांगितलं की महिनाभरापूर्वी तिला पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलं होतं. गाय तिसऱ्या दिवशी गेली.

साबणानं पंधरा मिनिटं हात धुतला आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात गेलो. जखमेत सिरम दिलं, आणि लसीचे पाच डोस, ०, ३, ७, १४, २८ अशा दिवसांना. त्या २८ दिवसांत मी घरी कोणाला काही सांगितलं नाही. रात्री उठून तांब्यातलं पाणी पिऊन पाहायचो, घशाखाली उतरतं का. बायकोला वाटायचं उन्हाळा आहे, तहान लागते.

रेबीज झालेली गाय कुत्र्यासारखी अंगावर धावूनच येईल असं नाही. घशात काही अडकल्यासारखी दिसते, आणि मदतीला जाणाराच फसतो. या कामात येणाऱ्यानं लागण व्हायच्या आधीच रेबीजची लस घेऊन ठेवावी. माझ्या वेळी आम्हाला हे कोणी सांगितलं नाही.

बाकी समाधान म्हणाल तर बैलाच्या शिंगाचा कर्करोग. शिंग एका बाजूला लोंबतं, नाकातून रक्त येतं, वास सुटतो. डॉक्टर शिंग मुळापासून कापतात. त्यानंतर महिनाभर ते भोक रोज धुणं, अळ्या पडल्या तर टर्पेंटाइनचा बोळा ठेवून चिमट्यानं एकेक काढणं, गॉज भरणं, हे ड्रेसरचं काम. एक बैल असा ४० दिवस रोज आणायचे. शेवटी शेवटी तो मला पाहून आपणच खोड्यात (जनावर अडकवायच्या चौकटीत) जाऊन उभा राहायचा.

आर्वीवाला

मी शेतकरी, वर्धा जिल्हा. आमच्याकडे गवळाऊ जातीच्या गाई आहेत, आजोबांपासून. कास्तकाराच्या बाजूनं लिहितो.

२०२२ च्या सप्टेंबरात लम्पी आला. बाजार बंद, कोणी कोणाच्या कोठ्यात जाईना. माझ्या गोऱ्ह्याच्या अंगभर गाठी उठल्या, पाय सुजून खांबासारखे झाले, गाठी फुटून खड्डे पडले. तुम्हाला सांगतो, तो वास घरातल्या माणसांनाही सहन होत नव्हता. आमच्या दवाखान्यातले परिचर काका १९ दिवस रोज आले. त्यांच्या पदाचं काम तेवढं नव्हतं. जखमा धुवायचे, मलम लावायचे, कोठ्यात कडुनिंबाचा धूर करायचे, कारण हा रोग माशा, डास आणि गोचिडांनी पसरतो. जाताना हातपाय धुऊन चपला दारातच फवारून जायचे म्हणजे दुसऱ्याच्या कोठ्यात रोग जाऊ नये. गोऱ्हा वाचला. आज तो जोडीत चालतो, अंगावर वण आहेत. त्या वेळी गावात शेळ्यांच्या देवीची लस गाई-बैलांना देत होते, एक मिली कातडीखाली. प्रत्येक जनावराला वेगळी सुई पाहिजे म्हणून याच काकांनी भांडून सुया आणवल्या.

शेजाऱ्याची गाय गेली. सरकारनं दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार मदत ठरवली होती. पण त्यासाठी कानातला बिल्ला, पंचनामा, कागद. ते कागद पुरे करायलाही परिचर काकाच धावले.

ताई, तुमच्या भाचीला सांगा, आम्ही बोलून दाखवत नाही. पोळ्याला माझ्या घरी बैलांच्या आधी त्या काकांना टिळा लावतात. आणखी एक सांगतो, राग मानू नका. आमच्या दवाखान्यात आता डॉक्टरांकडे दुसऱ्या दोन दवाखान्यांचाही भार आहे. माणूसच नसेल तर चांगला माणूस आणि वाईट माणूस याच्यात आम्हाला काय फरक?

पूर्णाकाठची

मी पदविकेच्या पहिल्या वर्षाला आहे. मला थेट विचारायचं आहे. माझं वजन ४६ किलो आहे. आमच्या बॅचमध्ये मुलं म्हणतात की मुली मोठं जनावर आवरूच शकत नाहीत, त्यांनी लॅबमध्ये बसावं. मागच्या आठवड्यात एका म्हशीनं मला खोड्याच्या बाहेरच ढकललं आणि सगळे हसले. रात्री खूप रडले. ताकदीचं काय करायचं?

अडाणकाठ

@पूर्णाकाठची, बाळ, म्हैस ४५० किलोची असते. तुझ्या वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा ८० चा असेल. त्याला तरी ती ताकदीनं आवरणार आहे का? त्यालाही दोरच लागतो.

दोरानं पाडायला शिक. साधारण ३० फूट सुती दोर घे, नायलॉन नको, कातडी कापते. एक टोक गळ्याच्या मुळाशी बांध, पण फास बसणार नाही अशी गाठ. घसरती गाठ मारलीस तर जनावर गुदमरेल. तोच दोर पाठीवरून मागे आणून पुढच्या पायांच्या मागे छातीभोवती एक वेढा, मग कमरेपाशी दुसरा वेढा. गाय असेल तर कासेवर आणि दुधाच्या शिरेवर दोर येऊ देऊ नकोस. आता डोकं कोणीतरी धरायचं आणि तू मागून सरळ रेषेत, एकसारखं ओढायचं. हिसका नाही. दोन वेढे आवळले की जनावर आधी थबकतं, मग गुडघे टेकतं आणि आपणच बसतं. पहिल्यांदा पाहशील तेव्हा खरं वाटणार नाही. गाभण जनावराला पाडायचं नाही. पाडल्यावर उगाच आडवं ठेवायचं नाही, पोट फुगतं.

दुसरं, जनावराजवळ जाण्याआधी त्याच्या मालकिणीला विचार, ते कशाला बिचकतं. दूध काढणारी बाई जे सांगते ते पुस्तकात नसतं. बाई म्हणून मला तिथे सगळ्यात जास्त फायदा झाला. बायका मला सांगतात, "तीन दिवसांपासून डावा सड गरम लागते." घरातल्या पुरुषाला ते माहीतही नसतं. कासदाह (कासेची सूज) त्या टप्प्यावर सापडला तर सड वाचतो. आठवड्यानं सापडला तर कास दगडी होते आणि सड कायमचा जातो.

आणि तुझा हात बारीक आहे ना? शेळी अडली की तुझा हात जाईल, त्या ८० किलोवाल्याचा जाणार नाही.

नायट्रोजन_कॅन

मी मैत्री नावाच्या सरकारी योजनेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन कृत्रिम रेतन करतो, पांढरकवडा भाग. पगार नाही. जेवढ्या गाई भरवल्या तेवढे पैसे. या धाग्यावर नोकरीवाल्यांचं दुःख वाचलं. आमचंही ऐका.

रेत गोठवून ठेवायचा द्रव नायट्रोजन उणे १९६ डिग्रीला असतो. कॅनमधून रेताची एक कांडी काढायची तर बाकीच्या कांड्या गळ्याच्या वर येऊ द्यायच्या नाहीत, काही सेकंद जास्त झाले तर सगळ्या खराब. मग ३७ डिग्रीच्या पाण्यात ३० सेकंद, पुसून गनमध्ये, आणि लगेच आत. हे मी सालभर, पावसात, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून करतो. उन्हाळ्यात नायट्रोजन लवकर उडतो आणि गाडी उशिरा आली तर माझी आख्खी पुंजी जाते. गाय उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली) की शेतकरी मलाच म्हणतो, "तुझ्या कांडीत पाणी हाय."

पण मागच्या वर्षी एका विधवा बाईच्या गावरान गाईला कालवड झाली, तीन वेळा उलटल्यानंतर. तिनं कालवडीला माझ्या मुलीचं नाव ठेवलं.

लोक आमच्याकडे तापाच्या सुईसाठीही येतात. नाही म्हटलं तर दुसऱ्याकडे जातात. मग मी देतो.

निवृत्त_ड्रेसर

@नायट्रोजन_कॅन, भाऊ, तुमच्या कष्टाला नमस्कार. शेवटच्या ओळीला नाही.

तापाची सुई म्हणजे कोणती? बऱ्याच ठिकाणी लोक अजून माणसांच्या डायक्लोफिनॅकची मोठी बाटली वापरतात. २००६ पासून ते जनावरांसाठी बंद आहे. का बंद आहे ते सांगतो. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आमच्या लहानपणी ढोरफोडीवर गिधाडांची रांग बसायची. आज नातवाला दाखवायला एक सापडत नाही. आणि प्रतिजैविकाचं म्हणाल, तर अर्धा डोस आज आणि उरलेला "बरं नाई वाटलं तर" परवा, असं केलं की रोग हटत नाही. औषधच बोथट होतं. त्या गाईचं दूध त्याच दिवशी घरातली पोरं पितात.

लोक दुसऱ्याकडे जातील म्हणून आपण करायचं, हे मी ३१ वर्षं ऐकलं. १९६२ नंबर लावून द्या, जनावरांच्या फिरत्या पथकाची गाडी येते. उशिरा येईल. तोपर्यंत गाय सावलीत घ्या, अंगावर ओलं पोतं टाका, पाणी पाजा. तेही उपचारच आहेत आणि ते तुमच्या हक्काचे आहेत.

नायट्रोजन_कॅन

काका, डायक्लोफिनॅक मी वापरत होतो, खोटं बोलत नाही. गिधाडांचं मला कोणी सांगितलं नव्हतं. बाटली आजच फेकली. प्रतिजैविकाचंही पटलं. पण रात्री दोनला १९६२ ची गाडी येईपर्यंत गाय तडफडते आणि मालक माझ्या तोंडाकडे पाहतो, तेव्हा काय करू, याचं उत्तर अजून मला मिळालेलं नाही.

वैनगंगा_तीर

गडचिरोली जिल्हा, आरमोरीकडचा. मी परिचर. आमच्याकडे गाई लहान चणीच्या, काठाणी जातीच्या. धानाच्या बांधीत चिखलणीला त्यांचेच बैल चालतात, जड जातीचे फसतात.

आमचं काम अर्धं जंगलात. वाघानं गाय मारली की मालक सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसतो. "का जी, चलता का?" एवढंच म्हणतो. वनरक्षक, डॉक्टर आणि मी जातो. पंचनामा होईस्तोवर मेलेलं जनावर हलवायचं नसतं. मानेवरचे सुळ्यांचे खड्डे मोजायचे, ओढत नेल्याची खूण पाहायची, कोणत्या बाजूनं खाल्लं ते लिहायचं. वाघ जवळपास असतोच, त्याचं खाणं आपण अर्ध्यावर थांबवलेलं असतं. पानं वाजली की सगळे एकदम गप्प होतात. माझं काम मोजपट्टी धरायचं. हात थरथरतो.

जी गाय वाघाच्या तावडीतून सुटून येते तिचं आणखी अवघड. वरून चार भोकं दिसतात, आत हात हात खोल पू असतो. रोज पिचकारीनं धुवावं लागतं. एक गाय अशी दोन महिन्यांनी बरी झाली. मालकानं तिला परत जंगलात चरायला सोडलं. मी म्हटलं, का जी, पुन्हा? तो म्हणाला, "घरी बांधून का खाऊ घालू?" त्याचंही बरोबर होतं. मी काही बोललो नाही.

नागपूर_क्लिनिक

मी नागपुरात एका खासगी कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्यात सहायक आहे. आमचं काम तुमच्याएवढं अंगमेहनतीचं नाही. सलाईन, भुलीतून शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसणं, पार्व्हो रोग झालेली पिल्लं. मालकांना वाटतं मी शिकलेली नर्स आहे. मी बारावी नापास, सगळं डॉक्टरांच्या हाताखाली पाहून शिकले. ब्रिटनमध्ये याच कामाची रीतसर नोंदणी होते, रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरनरी सर्जन्सकडे, आणि तिथे शिकून नोंदणी केलेलीला रजिस्टर्ड व्हेटरनरी नर्स म्हणतात. आपल्याकडे नागपुरात १९५८ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, २००० पासून विद्यापीठ आहे. तिथे आमच्यासारख्यांसाठी सहा महिन्यांचा का होईना एखादा अभ्यासक्रम असावा, असं फार वाटतं. ताई, तुमच्या भाचीला आधी पदविका घ्यायला सांगा. कागद नसला की तुम्ही कितीही शिका, पगार ठरवताना कोणी तुमचा हात पाहत नाही.

चार_शेळ्या

मी कधी लिहित नाही, फक्त वाचते. माझ्याकडे चार बेरारी शेळ्या होत्या. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग) आला आणि दोन दिवसांत दोन गेल्या. हगवण, नाकातून शेंबूड, तोंडात फोड. दवाखान्यातल्या मॅडम आल्या. उरलेल्या दोघींचं तोंड बोरिक लावून साफ केलं, बोटानं तांदळाची पेज चाटवली. मांडीवर डोकं घेऊन, आई लेकराला भरवते तशी. एक वाचली. आता तिच्या पोटची धरून पुन्हा चार आहेत. त्या मॅडमची बदली झाली. त्यांचा नंबर बदलला. इथे असतील तर सांगते, पाठ आखडायची तुमची, तरी तुम्ही खाली बसायच्या.

अडाणकाठ

@चार_शेळ्या, मी ती नव्हे, पण तुमचं वाचून खूप वेळ फोन हातात धरून बसले.

काल भाचीशी बोलले. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे ये म्हटलं. घटसर्प आणि फऱ्या या ढोरांच्या दोन रोगांवरचं लसीकरण असतं. पहाटे पाचला निघायचं, बर्फाची पेटी तिनं धरायची, २ ते ८ डिग्रीच्या वर लस जाऊ द्यायची नाही. कानाच्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर तिनं वाचायचा, मी ॲपमध्ये भरायचा, नेटवर्क नसेल तर वहीत. शेण अंगावर उडेल, एखादी लाथ बसेल, दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर भाकर मिळेल. आठव्या दिवशी तिनंच सांगायचं. आणि निवृत्त काका, तुमचं ऐकून तिला आधी रेबीजच्या सुया घ्यायला पाठवते आहे. माझ्याही राहिल्या आहेत, मीही घेते.

@नायट्रोजन_कॅन, रात्री दोनच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही भाऊ. मी त्या वेळी डॉक्टरांना फोन लावते, त्यांना गाईची नाडी, ताप, रवंथ करते का ते सांगते, आणि ते जे म्हणतील तेवढंच करते. तुमच्या भागातल्या एका तरी डॉक्टरांशी तसं ठरवून ठेवा.

सरकीढेप

ताई, विषय चांगला चालला आहे, मध्येच विचारतो, माफ करा. आमची म्हैस आज सकाळी सहापासून घडीघडी मुतते, सोट (माजाचा चिकट स्राव) काचेसारखा लोंबतो आहे, पान्हा चोरला. मागच्या दोन माजांना कळलंच नाही. आत्ता नेऊ का भरवायला?

अडाणकाठ

आत्ता नको. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीचा माज मुका असतो, तुम्ही ओळखलात हेच मोठं. आज पाच-साडेपाचला न्या. उन्हातून चालवत नेऊ नका, नेण्याआधी अंगावर पाणी टाका, आल्यावर तासभर सावलीत बांधा. तारीख भिंतीवर लिहून ठेवा. आजपासून २१ व्या दिवशी पुन्हा सोट दिसतो का पाहा, नाही दिसला तर तीन महिन्यांनी तपासायला आणा.